सही कोणी करायची? बॉस्टनच्या ऑलिम्पिक दावेदारीचे प्रकरण

ऑलिम्पिकचे यजमानपद एखाद्या शहराला जाहीर झाले की त्या शहराच्या प्रतिनिधीला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीबरोबर ‘यजमान शहर करारा’वर सही करावी लागते. या कराराचा गाभा असा की, स्पर्धेच्या खर्चात तूट आली तर तिची जबाबदारी शहर, त्या देशाची राष्ट्रीय ऑलिम्पिक समिती आणि स्थानिक संयोजन समिती या तिघांवर संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही राहते. आंतरराष्ट्रीय समितीवर मात्र आर्थिक भार येत नाही. स्पर्धा संपल्यावर संयोजन समिती गुंडाळली जाते, राष्ट्रीय समितीची तिजोरी एवढी मोठी नसते, त्यामुळे ‘संयुक्तपणे’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ शेवटी ‘शहर’ एवढाच उरतो. २०२४ च्या ऑलिम्पिकसाठी अमेरिकेने बॉस्टनची निवड ८ जानेवारी २०१५ रोजी केली आणि २७ जुलै २०१५ रोजी ती मागे घेतली. मधल्या दोनशे दिवसांत स्टेडियम, जाहिराती, बर्फवृष्टी, पगार, उद्याने अशा अनेक गोष्टींवर वाद झाले, पण प्रकरण संपले ते या एका सहीवर. ती सही कोण करणार आणि कोणाच्या जिवावर करणार, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता आला असता. तो इतका उशिरा ऐरणीवर का आला, हे पाहण्यासाठी ही नोंद आहे.

हमीचा जुना इतिहास

बहुतेक देशांत या सहीमागे राष्ट्रीय सरकार उभे राहते. अमेरिकेत संघीय सरकार सुरक्षेचा मोठा खर्च उचलते, परंतु स्पर्धेच्या तुटीची हमी देत नाही. ती हमी शहराने, फार तर राज्याने द्यायची असते. त्यामुळे अमेरिकी शहराच्या दावेदारीत महापौराच्या सहीला जे वजन येते ते अन्यत्र क्वचितच येते.

हमीची किंमत काय असू शकते याचे उदाहरण शेजारच्या कॅनडात होते. माँट्रिऑलचे महापौर झाँ द्रापो यांनी १९७६ च्या सामन्यांपूर्वी, पुरुषाला जसे मूल होऊ शकत नाही तशी ऑलिम्पिकला तूट येऊ शकत नाही, असे विधान केले होते. त्या सामन्यांचे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. १९७६ चेच हिवाळी सामने अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हरला मिळाले होते. परंतु नोव्हेंबर १९७२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी त्यासाठी सरकारी पैसा देण्यास मतपेटीतून नकार दिला आणि सामने इन्सब्रुकला हलवावे लागले. १९८४ च्या सामन्यांसाठी लॉस एंजेलिसखेरीज कोणी उरलेच नव्हते. त्या शहराने हमी देण्यास नकार दिला, आंतरराष्ट्रीय समितीला नमते घ्यावे लागले, सामने खासगी संयोजकांनी भरवले आणि वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम शिल्लक राहिली. या शिलकीचे श्रेय बहुधा संयोजकांच्या काटकसरीला दिले जाते आणि ते काही अंशी योग्यही आहे. पण समोर दुसरा ग्राहक नव्हता म्हणून ती काटकसर आंतरराष्ट्रीय समितीने चालवून घेतली, हे विसरून चालत नाही.

स्पर्धक असले की चित्र पालटते. २०१६ च्या दावेदारीत शिकागोच्या नगर परिषदेने आधी हात आखडता घेतला होता. परंतु अमर्याद हमीशिवाय दावेदारी टिकणार नाही हे दिसल्यावर सप्टेंबर २००९ मध्ये ती हमी ४९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाली. काही आठवड्यांनी, २ ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्ष ओबामा स्वतः कोपनहेगनला जाऊनही शिकागो पहिल्याच फेरीत १८ मते घेऊन बाद झाले. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी शहराने कोरा धनादेश लिहून दिला होता. तो वटवण्याची वेळ आली नाही इतकेच.

२०१४ च्या अखेरीस पारडे पुन्हा शहरांकडे झुकत होते. २०२२ च्या हिवाळी सामन्यांच्या शर्यतीतून स्टॉकहोम, क्राकोव्ह, लव्हीव्ह आणि ऑस्लो एकामागून एक बाहेर पडले. बीजिंग आणि अल्माटी एवढीच दोन शहरे उरली. डिसेंबर २०१४ मध्ये मोनॅको येथे आंतरराष्ट्रीय समितीने सुधारणांचा एक मोठा कार्यक्रम मंजूर केला. तात्पुरती स्टेडियम चालतील, असलेल्या वास्तू वापरा, शहराच्या गरजेनुसार सामने बेतता येतील, अशी नवी भाषा त्यात होती. तुटीची हमी मात्र शहराच्याच माथी राहिली.

निवड

अमेरिकी ऑलिम्पिक समितीने फेब्रुवारी २०१३ मध्ये पस्तीस शहरांच्या महापौरांना पत्रे पाठवून कोणाला रस आहे हे विचारले. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने शक्याशक्यता तपासण्यासाठी एक आयोग नेमला. २०१४ च्या सुरुवातीला आलेल्या त्याच्या अहवालाने सामने भरवणे शक्य असल्याचे, पण वाहतूक आणि निवासव्यवस्था यांवर मोठे काम करावे लागेल असे सांगितले. आयोगाचे अध्यक्ष जॉन फिश हे राज्यातल्या सर्वांत मोठ्या बांधकाम कंपन्यांपैकी एका कंपनीचे प्रमुख होते, आणि पुढे ‘बॉस्टन २०२४’ या खासगी दावेदार संस्थेचे नेतृत्वही त्यांच्याकडेच आले. प्रस्ताव तपासणारा आणि प्रस्ताव मांडणारा माणूस एकच असणे बेकायदेशीर नाही. परंतु सुरुवातीलाच ही गल्लत झाली नसती तर पुढच्या अनेक शंका उपस्थित झाल्या नसत्या, असे मला वाटते.

आराखड्याची मूळ कल्पना आकर्षक होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. बॉस्टन आणि केंब्रिज परिसरात विद्यापीठांची दाटी आहे. त्यांची वसतिगृहे, मैदाने आणि क्रीडागृहे वापरून पायी फिरता येईल असे, आटोपशीर ऑलिम्पिक भरवायचे. मुख्य स्टेडियम तात्पुरते, सामने संपल्यावर उतरवायचे. क्रीडाग्राम कोलंबिया पॉइंट येथे, म्हणजे नंतर विद्यार्थ्यांना आणि रहिवाशांना घरे. मोनॅकोच्या नव्या भाषेत अगदी चपखल बसणारा हा प्रस्ताव होता. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन यांना मागे टाकून डेन्व्हर विमानतळावरील बैठकीत बॉस्टनची निवड झाली. त्याच दिवशी चार्ली बेकर यांनी राज्यपालपदाची शपथ घेतली. म्हणजे ज्या राज्याच्या रेल्वेवर आणि तिजोरीवर हा सारा डोलारा उभा राहायचा होता, त्याचा प्रमुख प्रस्ताव लिहिला जात असताना पदावरच नव्हता. ही बाब तेव्हा किरकोळ वाटली, पण महापौर मार्टी वॉल्श आणि राज्यपाल बेकर यांच्या भूमिकांत जे अंतर शेवटपर्यंत राहिले त्याचे मूळ इथे आहे: एकाने प्रकल्प आपला म्हणून स्वीकारला होता, दुसऱ्याच्या पदरात तो पडला होता.

एक कागद, दोन वाचक

माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथे आहे. दावेदारीचा प्रस्ताव दोन वाचकांसाठी असतो आणि दोघांना ऐकायचे असते ते परस्परविरोधी असते. ऑलिम्पिक समितीला खात्री हवी असते की सरकार पाठीशी आहे, कमी पडल्यास सार्वजनिक पैसा मिळेल आणि विरोध नगण्य आहे. नागरिकांना खात्री हवी असते की कररूपाने आपल्या खिशातून काही जाणार नाही आणि आपले म्हणणे विचारात घेतले जाईल. राष्ट्रीय निवडीपर्यंत पहिला वाचकच महत्त्वाचा असतो आणि कागद त्याच्यासाठी लिहिला जातो. निवड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच कागद दुसऱ्या वाचकाच्या हाती पडतो.

बॉस्टनमध्ये तो एकदम पडला नाही, तुकड्यातुकड्यांनी पडला, आणि ते अधिक महागात गेले. जानेवारीच्या उत्तरार्धात संस्थेने प्रस्तावाची एक आवृत्ती लोकांसमोर ठेवली. त्यानंतर माध्यमांनी आणि कार्यकर्त्यांनी सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्याखाली अर्ज करून अमेरिकी समितीला डिसेंबरमध्ये दिलेला मूळ मजकूर मागवायला सुरुवात केली. मे महिन्यात त्यातला बराच भाग बाहेर आला. संस्था सामन्यांसाठी करदात्यांचा पैसा लागणार नाही असे सांगत होती, तर मूळ मजकुरात स्टेडियमच्या जागेच्या खरेदीसाठी आणि तिथल्या पायाभूत कामांसाठी सार्वजनिक निधीचा विचार केलेला होता. दोन्ही विधानांची तांत्रिक सांगड घालता येत होती, कारण ‘सामन्यांचा खर्च’ आणि ‘जागेच्या विकासाचा खर्च’ ही खाती वेगवेगळी मांडली होती. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला खाती दिसत नाहीत, त्याला एवढेच दिसते की समितीला एक सांगितले आणि आपल्याला दुसरे.

त्याच मूळ मजकुरातला विरोधकांविषयीचा भाग तर वारंवार उद्धृत झाला. चार स्थानिक कार्यकर्त्यांनी एक गट काढला आहे, जनमत त्यांच्या बाजूने नाही, कोणत्याही लोकप्रतिनिधीचा त्यांना जाहीर पाठिंबा नाही, त्यांच्याकडे फारसा पैसा नाही आणि त्यांचा वावर समाजमाध्यमांपुरता आहे, अशा आशयाचे ते वर्णन होते. लिहिले गेले तेव्हा त्यातले बहुतेक तपशील खरेच होते. राज्याच्या वाहतूक खात्यात पूर्वी अधिकारी असलेले ख्रिस डेम्प्सी आणि त्यांचे सहकारी यांनी स्थापन केलेल्या ‘नो बॉस्टन ऑलिम्पिक्स’ या गटाचा सगळा खर्च दहा हजार डॉलरच्या आत राहिला. पण समितीला धीर देण्यासाठी लिहिलेले ते वर्णन नागरिकांनी वाचले तेव्हा ते उपहासासारखे वाटले, आणि त्या चौघांना फुकटात प्रसिद्धी मिळाली.

महापौरांनी अमेरिकी समितीबरोबर केलेल्या करारातले एक कलमही असेच उघड झाले. शहराच्या कर्मचाऱ्यांनी ऑलिम्पिक समित्यांविषयी किंवा सामन्यांविषयी प्रतिकूल बोलू अथवा लिहू नये, असा त्याचा रोख होता. अशी कलमे अशा करारांत ठरावीक साच्याची म्हणून येतात आणि ती घालणाऱ्यांना त्यात वावगे वाटत नाही. परंतु स्वातंत्र्ययुद्धाची पहिली ठिणगी आपल्या गल्लीत पडली हे अभिमानाने सांगणाऱ्या शहरात ते कलम जानेवारीतच वर्तमानपत्रात छापून आले. कोणाच्या बोलण्यावर बंधन घालण्याचा आपला हेतू नाही, असा खुलासा महापौरांना करावा लागला. दावेदारी जाहीर होऊन महिनाही झाला नव्हता आणि तिचे समर्थक खुलासे करण्याच्या भूमिकेत गेले होते. तिथून ते बाहेर आलेच नाहीत.

बर्फ, मानधन आणि व्हॉलीबॉल

जानेवारीत स्थानिक नभोवाणी केंद्राच्या जनमत चाचणीत ५१ टक्के लोक सामन्यांच्या बाजूने होते. मार्चमध्ये हा आकडा ३६ वर आला. या घसरणीचे कारण म्हणून बर्फवृष्टीचे नाव नेहमी घेतले जाते. त्या हिवाळ्यात शहरात शंभर इंचांहून अधिक बर्फ पडला, जुनाट रेल्वेव्यवस्था कोलमडली, फेब्रुवारीत एक दिवस गाड्या पूर्ण बंद ठेवाव्या लागल्या आणि वाहतूक मंडळाच्या महाव्यवस्थापकांनी राजीनामा जाहीर केला. गोठलेल्या फलाटावर तासभर उभे राहणाऱ्या माणसाला, याच गाड्यांतून जगभरचे प्रेक्षक ने-आण करणार आहोत, हे कसे पटवायचे? त्यातच रेल्वेची दुरुस्ती आधीच मंजूर झालेल्या निधीतून होणार आहे, ऑलिम्पिकचा त्याच्याशी संबंध नाही, असा युक्तिवाद संस्था करत होती. खर्च ऑलिम्पिकच्या खात्यात दिसू नये म्हणून तो युक्तिवाद आवश्यक होता. पण त्याचा परिणाम असा झाला की ऑलिम्पिकमुळे रेल्वे सुधारेल, हे दावेदारीचे सर्वांत पटण्याजोगे आश्वासन संस्थेने स्वतःच्याच हाताने कमकुवत केले.

तरीही बर्फाला फार दोष देणे मला पटत नाही. बर्फ वितळल्यावर, उन्हाळ्यातही, पाठिंबा पुन्हा निम्म्यावर गेला नाही. बर्फाने नवीन शंका निर्माण केली नाही. सार्वजनिक यंत्रणेला मोठे काम पेलत नाही ही जुनी शंका ताजी केली. शहराच्या पोटातून महामार्ग नेणाऱ्या ‘बिग डिग’ प्रकल्पाचा १९८२ मधला अंदाज २.८ अब्ज डॉलरचा होता आणि अखेरचा खर्च १४ अब्जांच्या वर गेला, हे बॉस्टनमधल्या प्रत्येक करदात्याला तोंडपाठ आहे. असे शहर अंदाजपत्रकापेक्षा अंदाज चुकल्यास काय, हेच आधी विचारणार.

मार्चमध्ये संस्थेने आपल्या लोकांचे पगार जाहीर केले. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे वार्षिक वेतन तीन लाख डॉलर होते. माजी राज्यपाल डेव्हल पॅट्रिक यांना सल्लागार म्हणून कामाच्या दिवसाला साडेसात हजार डॉलर देण्याचे ठरले होते. गदारोळ झाल्यावर त्यांनी ते मानधन न घेण्याचे जाहीर केले. हा पैसा खासगी देणग्यांचा होता, करांचा नव्हता. पण खर्चाच्या जोखमीबद्दलची चर्चा समजायला कठीण असते आणि दिवसाचे साडेसात हजार डॉलर समजायला सोपे असतात.

जागांचे वाद त्याहून शिकवणारे होते. बीच व्हॉलीबॉल शहराच्या मध्यभागी, बॉस्टन कॉमन या सतराव्या शतकापासूनच्या सार्वजनिक मैदानावर खेळवायचे ठरले होते. ऐतिहासिक मैदान, मागे विधानभवनाचा सोनेरी घुमट आणि पुढे वाळूवरचा सामना: दूरचित्रवाणीसाठी यापेक्षा देखणे दृश्य सापडणे कठीण, आणि ते निवडसमितीला नक्कीच आवडले असणार. उद्यानाची देखभाल करणाऱ्या नागरिकांना मात्र त्या दृश्यात तोडावी लागणारी झाडे आणि कुंपणाआड गेलेला उन्हाळा दिसला. जूनपर्यंत व्हॉलीबॉल क्विन्सीतल्या समुद्रकाठच्या उद्यानात हलवावे लागले. मुख्य स्टेडियमची नियोजित जागा, विडेट सर्कल, रेल्वेमार्ग आणि महामार्ग यांच्या बेचक्यात होती आणि तिथे मांस-मासळीच्या घाऊक व्यापाऱ्यांची मंडई होती. नकाशावर ती ‘वापरात आणण्याजोगी जमीन’ होती. प्रत्यक्षात तिथे रोज पहाटे माल उतरत होता, आणि ते व्यापारी कुठे जाणार व कोणाच्या पैशाने जाणार याचे पक्के उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही.

मार्चअखेर संस्थेने नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्यव्यापी सार्वमत घेण्याची तयारी दाखवली. सार्वमताची मागणी विरोधक आणि काही राजकारणी आधीपासून करत होते. महापौर सुरुवातीला त्याला अनुकूल नव्हते. ही खेळी प्रामाणिक होती की वेळकाढूपणाची, यावर मते भिन्न आहेत. राजकीयदृष्ट्या तिने दोन्हीकडून कोंडी केली. नागरिकांच्या लेखी, मत दीड वर्षाने घेणार असाल तर तोवर पैसा का उधळता, असा प्रश्न उभा राहिला. आणि अमेरिकी समितीला आंतरराष्ट्रीय सदस्यांपुढे असे शहर न्यावे लागणार होते, ज्याच्या घरचा होकार २०१७ मधल्या निवडीच्या जेमतेम काही महिने आधी कळणार होता.

जुलै

मे महिन्यात फिश यांच्या जागी बास्केटबॉल संघाचे सहमालक आणि गुंतवणूक क्षेत्रातले स्टीव्ह पॅग्लिउका अध्यक्ष झाले. २९ जूनला सुधारित आराखडा आला. त्यात सामन्यांच्या संचालनाचा खर्च ४.६ अब्ज डॉलर, उत्पन्न त्याहून थोडे अधिक आणि सुमारे २१ कोटी डॉलरची शिल्लक दाखवली होती. करदात्यांच्या संरक्षणासाठी विम्याची तरतूदही होती. आधीच्या प्रस्तावापेक्षा हा आराखडा निश्चितच अधिक जबाबदारीने केला होता. पण चर्चा आता वेगळ्याच ठिकाणी पोहोचली होती. २३ जुलैला दूरचित्रवाणीवर झालेल्या वादविवादात एका बाजूला पॅग्लिउका आणि न्यूयॉर्कच्या दावेदारीचा अनुभव असलेले डॅन डॉक्टरॉफ होते, दुसऱ्या बाजूला डेम्प्सी आणि क्रीडा अर्थशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू झिंबलिस्ट. विरोधकांचा मुद्दा साधा होता: विमा इतका भक्कम असेल आणि शिल्लक इतकी खात्रीची असेल, तर अमर्याद हमी शहराकडून मागताच का? विमा ठरावीक संकटांवर मिळतो. बांधकाम महागले किंवा एखाद्या विकासकाने माघार घेतली तर उरलेला खड्डा भरायला कोणी विमा कंपनी कोरी सही देत नाही.

दुसऱ्याच दिवशी, नगरसेवक टिटो जॅक्सन यांनी कागदपत्रे समन्स काढून मागवण्याचा पवित्रा घेतल्यावर, संस्थेने मूळ प्रस्तावाचा काळ्या पट्ट्यांखाली झाकलेला मजकूर प्रसिद्ध केला. झाकलेल्या भागात राजकीय पाठिंब्याचा हिशेब आणि सार्वमताची शक्यता यांची चर्चा होती. सात महिने लपवण्याइतके त्यात काही स्फोटक होते, असे आज वाचताना वाटत नाही. लपवले होते, एवढेच पुरेसे ठरले.

राज्यपाल बेकर यांनी या काळात पाठिंबा दिला नाही आणि विरोधही केला नाही. त्यांनी विधिमंडळाच्या नेत्यांबरोबर एका सल्लागार संस्थेला आर्थिक जोखमीचा अभ्यास करायला सांगितले आणि तो अहवाल ऑगस्टमध्ये येईपर्यंत बोलणार नाही ही भूमिका धरून ठेवली. आंतरराष्ट्रीय समितीकडे नावे देण्याची मुदत १५ सप्टेंबर होती. अमेरिकी समितीला त्याआधी जाहीर बांधिलकी हवी होती, राज्यपाल ती देत नव्हते, त्यामुळे सारा दाब महापौरांवर आला.

सोमवारी, २७ जुलैला सकाळी वॉल्श यांनी नगरभवनात पत्रकारांना बोलावले. करदात्यांना संभाव्य तुटीचा धोका पत्करायला लावणाऱ्या हमीवर आज सही करावी लागत असेल तर बॉस्टन या स्पर्धेत राहणार नाही, शहराचे भविष्य आपण गहाण टाकणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्याच बैठकीत त्यांनी विरोधकांचे वर्णन ट्विटरवरची दहाएक माणसे असे केले. मूळ प्रस्तावातले चौघे सात महिन्यांत दहा झाले होते, म्हणायचे! गंमत अशी की त्या दहा जणांनी पहिल्यापासून जो एकमेव प्रश्न लावून धरला होता, त्याचेच उत्तर महापौर देत होते आणि विरोधकांना हवे तेच देत होते. काही तासांत अमेरिकी समितीने दावेदारी मागे घेतल्याचे जाहीर केले. बॉस्टनच्या बहुसंख्य नागरिकांचा पाठिंबा मिळवता आला नाही, असे कारण तिने दिले. चार दिवसांनी, ३१ जुलैला, बीजिंगने अल्माटीला ४४ विरुद्ध ४० मतांनी हरवून २०२२ चे हिवाळी सामने मिळवले.

महापौरांना भित्रे ठरवणे सोपे आहे आणि शहाणे ठरवणेही. मला दोन्ही अपुरे वाटते. ते बांधकाम कामगारांच्या संघटनांतून राजकारणात आलेले, मोठ्या प्रकल्पांना मनापासून अनुकूल असलेले नेते होते. हमी मागितली जाणार हे त्यांना नवे नव्हते, शिकागोचे उदाहरण ताजे होते. त्यांची खरी चूक जुलैमधली नव्हे, त्याआधीच्या हिवाळ्यातली: सही करायची असेल तर कोणत्या मर्यादेपर्यंत आणि राज्याचा वाटा किती, हे ठरवल्याशिवाय त्यांनी शहराचे नाव पुढे जाऊ दिले. मर्यादा आधी जाहीर केली असती तर कदाचित निवडच झाली नसती. पण मग दोनशे दिवसही गेले नसते.

इतर शहरे आणि लॉस एंजेलिस

बॉस्टनचे लोण पसरले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, प्रत्येक शहराची कारणे वेगळी होती. पण २०२४ च्या शर्यतीतली गळती थांबली नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये हॅम्बुर्गच्या मतदारांनी सार्वमतात ५१.६ टक्क्यांनी नकार दिला, २०१६ मध्ये रोमच्या नव्या महापौर व्हर्जिनिया राज्जी यांनी माघार घेतली आणि २०१७ च्या सुरुवातीला बुडापेस्टमध्ये एका तरुण गटाने अडीच लाखांहून अधिक सह्या गोळा केल्यावर तिथली दावेदारी मागे गेली. शेवटी पॅरिस आणि लॉस एंजेलिस उरले. आंतरराष्ट्रीय समितीने दोघांतले एकही गमवायचे नाही असे ठरवून सप्टेंबर २०१७ मध्ये लिमा येथे २०२४ पॅरिसला आणि २०२८ लॉस एंजेलिसला एकदमच देऊन टाकले. पुढे निवडीची पद्धतच बदलली. २०३२ साठी ब्रिस्बेनचे एकच नाव मतदानाला आले आणि ते ७२ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाले. उघड शर्यतीत शहरे जाहीरपणे नकार देतात, तो प्रसंग आता बंद दाराआडच्या वाटाघाटींत मिटवला जातो. नागरिकांच्या दृष्टीने ही सुधारणा आहे का, याविषयी मी साशंक आहे, कारण बॉस्टनच्या विरोधकांना कागद मिळाले ते दावेदारीचा गाजावाजा सुरू असल्यामुळेच.

लॉस एंजेलिसला बॉस्टनची जागा १ सप्टेंबर २०१५ रोजी मिळाली. नगर परिषदेचे मतदान एकमुखी होते. त्या शहराकडे १९८४ ची आठवण होती, तयार स्टेडियम होती आणि जनमत अनुकूल होते. म्हणून तिथे सहीचा प्रश्न उद्भवला नाही असे नाही. तो आधी बसून सोडवला गेला. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने राज्याचा वाटा कायद्याने ठरवून दिला. पुढे २०२८ च्या सामन्यांसाठी ठरलेली विभागणी अशी: तूट आल्यास पहिले २७ कोटी डॉलर शहराने भरायचे, त्यापुढचे २७ कोटी राज्याने, आणि त्यानंतरची सगळी रक्कम पुन्हा शहराने. बॉस्टनच्या महापौरांनी जी अमर्याद हमी नाकारली, ती याच तिसऱ्या ओळीत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेने ती वाचून मंजूर केली.